माझ्यातली केरबाची शीळ

मित्रांनो, मी एक जुना, कळांचा मोबाईल फोन. काचेवर नुसतं बोट सरकवून फोन चालेल असं कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते, त्या काळातला मी. माझ्या पोटात सिनेमे नव्हते, नकाशे नव्हते. एक साप होता. तो खाऊन खाऊन लांब व्हायचा आणि शेवटी स्वतःच्याच शेपटीला धडकून मरायचा. घरातल्या मोठ्या माणसांना 'सापाचा फोन' एवढंच म्हणा, ते लगेच ओळखतील.

मला कॅमेरा नव्हता. म्हणून मी जे सांगणार आहे ते सगळं ऐकलेलं आहे, नाहीतर अंगाला लागलेल्या बोटांवरून समजलेलं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाता जाता शेवटी कुणीतरी माझी एकेक कळ दाबून पाहिली. प्रत्येक कळीला मी आवाज दिला, म्हणून मला खोक्यात बसायला मिळालं. मग गोदाम, मालमोटार, पुन्हा गोदाम, असं करत मी लातूरला गंजगोलाईतल्या एका दुकानात येऊन पोचलो. एके दिवशी खोकं उघडलं आणि दोन खरबरीत हातांनी मला उचललं. बोटांच्या टोकांना वार्निश चिकटून वाळलेलं होतं.

त्या हातांच्या माणसाने किंमतही आधी विचारली नाही. तो म्हणाला, "शेठ, ह्याच्यात आपल्या हातानं धून बांधता येती का?"

"येती की. ह्या आकड्याच्या कळा म्हणजे पेटीच्या पट्ट्या समज."

"मग हाच द्या."

तो आनंदराज. रेणापूर तालुक्यातल्या एका लहानशा गावचा. लातुरात पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून त्या भरून द्यायच्या दुकानात तो कामाला होता. मी मात्र त्याच्यासाठी नव्हतो. त्याची धाकटी बहीण बुद्धप्रिया हिला जन्मापासून दिसत नव्हतं. लातूरच्या अंधशाळेत ती शिकली होती आणि आता टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण घ्यायला नांदेडच्या वसतिगृहात राहायला निघाली होती. घरापासून एवढ्या लांब ती पहिल्यांदाच जाणार होती, आणि घरात सगळ्यांच्या जिवाला घोर लागला होता.

गावी पोचल्यावर आनंदराजने मला बहिणीच्या हातावर ठेवलं. तिच्या बोटांनी मला असं चाचपलं की कारखान्यातसुद्धा मला कुणी इतकं नीट पाहिलं नव्हतं. कडा, कळा, कानाजवळची भोकं, तळाची चार्जिंगची खाच, सगळं तिने मनात बसवलं. मग हळूच म्हणाली, "दादा, पण कुणाचा फोन आला हे मला कसं कळंल? नाव तर पडद्यावर येतं ना?"

"तेच तर," आनंदराज म्हणाला. "प्रत्येकाची येगळी धून लावू. माझी येगळी, मावशीची येगळी. आबाची तर मी सोताच बांधणार हाय."

आबा म्हणजे त्यांचे वडील, केरबा. आता केरबाबद्दल मला थोडं सांगू द्या, कारण माझं सारं आयुष्य त्या माणसाच्या एका आवाजाभोवती फिरलं.

केरबा ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी सोडायचा. लोखंडी किल्ली खांद्यावर टाकून तो गल्लीगल्लीतून जाई, व्हॉल्व्ह फिरवी आणि तोंडाने शीळ घाली. दोन आखूड सूर, एक लांब, पुन्हा दोन आखूड, आणि शेवटी वर चढत जाणारा एक मोठा सूर. शीळ ऐकू आली की बाया कळशा घेऊन नळावर येत. ह्याच गावात केरबाच्या आज्याला आडावर पाय ठेवायची बंदी होती. कुणीतरी वरून पाणी ओतेल तेव्हा त्याची घागर भरे. भामाबाई, म्हणजे केरबाची बायको, हे सांगायची आणि वर म्हणायची, "आता गावाच्या पाण्याची किल्ली आमच्या घरात खुंटीला हाय." तिच्या आवाजात तेव्हा राग नसे. एक स्वस्थ अभिमान असे.

बुद्धप्रियेला त्या शिळेचा दुसराच अर्थ ठाऊक होता. काम उरकून केरबा घराकडे वळला की तीच शीळ घालायचा. ती ऐकली की पोर दारात जाऊन उभी राही. आबा आले!

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदराज मला मुठीत धरून केरबाच्या मागे मागे फिरला. केरबा वैतागला. "अरं, माझ्या मागं मागं काहून फिरायलास? लोक काय म्हनतील?"

"आबा, तुमी तुमचं काम करा. मी न्हाईच असं समजा."

केरबा शीळ घाली, आनंदराज भिंतीच्या आडोशाला थांबून ती मनात धरी आणि माझ्या कळा दाबून पाही. एक सूर बसायचा, दुसरा निसटायचा. लांब सूर आखूड व्हायचा. तो पुसायचा, पुन्हा दाबायचा. एका नळावरच्या बाईने विचारलं, "आनंदा, हिशेब करायलास का काय?" तो नुसता हसला. त्या दिवशी लातूरचं काम त्याने बुडवलं.

दुपारी सगळे जेवायला बसले होते. आनंदराज बाहेर ओट्यावर होता. त्याने कळ दाबली आणि मी पहिल्यांदाच केरबाची शीळ वाजवली. बुद्धप्रिया ताटावरून उठली. तिची पावलं लगबगीने दाराकडे आली. "आबा आले!"

आत कुणीतरी खाकरलं. "अगं, मी तर हितं हाय, तुझ्या बाजूला," केरबा म्हणाला.

मग भामाबाई हसू लागली, आनंदराज हसू लागला. केरबा मात्र हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे आता मी दोन जागी झालो. एक हितं ऱ्हाईन, एक पोरीसंग नांदेडला जाईन."

तसंच झालं, मित्रांनो. नांदेडला माझे फार चांगले दिवस गेले. केरबानेही एक साधा फोन घेतला. तो रोज संध्याकाळी फोन करी आणि माझ्यातून शीळ वाजे. वसतिगृहातल्या मुली एकमेकींना सांगत, "प्रियाचे आबा आले बघ." त्यांना 'फोन आला' असं कधी वाटलंच नाही. बोलणं तरी काय असायचं? "जेवलीस का? भाजी काय व्हती? आज मारुतीच्या गल्लीला पानी उशिरा सोडलं, लई बोलल्या बाया मला." एवढंच. पण फोन ठेवल्यावर बुद्धप्रिया मला लगेच बाजूला ठेवत नसे. थोडा वेळ गालाशी तसंच धरून राही.

तिचं शिक्षण झालं. नांदेडच्याच एका सरकारी कचेरीत ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. कचेरीत माझ्या शिळेचं फार कौतुक झालं. पुष्कळांनी ती मागितली, पण हाताने बांधलेली धून माझ्यातून दुसऱ्याकडे जात नव्हती. ती माझ्यातच होती, आणखी कुठेही नव्हती. तेव्हा मला ह्याची घमेंड वाटायची. पुढे ह्याच गोष्टीची भीती वाटायला लागेल, हे तेव्हा मला कुठून कळणार?

एका उन्हाळ्यात केरबाच्या छातीत दुखायला लागलं. त्याला लातूरच्या दवाखान्यात नेलं. त्या संध्याकाळी मी वाजलो, पण शीळ नव्हती. आनंदराजची धून होती. बुद्धप्रियेने कळ दाबायला जो उशीर लावला, त्यावरून मला समजलं की तिला आधीच कळलं आहे.

आम्हा फोनांची रीत अशी की कुणी हाक मारल्याशिवाय आम्ही वाजत नाही. केरबाची शीळ माझ्यात जशीच्या तशी होती, पण हाक मारणारा नंबर बंद पडला. मग बुद्धप्रिया कधी कधी दुपारच्या सुटीत कचेरीच्या मागच्या पायरीवर बसायची, माझ्या कळा एकामागून एक दाबत आत आत शिरायची आणि ती धून स्वतःच वाजवायची. एकदा तिची मैत्रीण मंजुषा तिच्याजवळ येऊन बसली. मंजुषा त्याच कचेरीत आवकजावक बघायची. तिने विचारलं, "ऐकून बरं वाटतं का गं?"

"न्हाई," बुद्धप्रिया म्हणाली. "कान दाराकडं जातो. आन दारात कुणी नसतं."

त्यानंतर तिने ती वाजवणं सोडलं. काही दिवसांनी तिने पडद्यावरचं नाव वाचून दाखवणारा, बोलणारा नवा फोन घेतला आणि मला गावी आईजवळ ठेवलं. मला राग आला नाही. काही आवाज जवळ ठेवणं कठीण असतं, हे मलाही कळत होतं.

भामाबाईने मला जपलं. कमरेशी लुगड्याच्या केळात खोवून ती मला शेतात न्यायची, विहारात वंदनेला न्यायची. पण एकदा हौदातलं पाणी उपसताना मी निसटलो आणि बुडालो. तिने मला काढलं, पुसलं, तांदळाच्या डब्यात ठेवलं, उन्हात ठेवलं. मी जागा झालो नाही. तिने शेजारच्या फोनवरून लेकीला सांगितलं, "ते गेलं बाय. माझ्या हातानं गेलं." मग बुद्धप्रिया म्हणाली, "जाऊ दे माय. तू रडू नको."

भामाबाईने मला टाकलं नाही. स्वयंपाकघरातल्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं. तिथे माझ्या सोबतीला नळाचे जुने वायसर, एक कुलूप आणि तुटकी चाळणी होती. मित्रांनो, अडगळीत पडणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. तिथे कुणी वाईट बोलत नाही, कुणी मारत नाही. फक्त कुणी हाक मारत नाही. डब्याबाहेर घरात नवे आवाज येत होते. आनंदराजचं लग्न झालं, रेणुका सून म्हणून आली. फोन नवे आले आणि ते वाजण्यापेक्षा नुसतेच घुंघुं करत थरथरू लागले.

तिकडे नांदेडला बुद्धप्रियेलाही हेच जाणवलं होतं. हे मला पुढे तिच्याच तोंडून कळलं. पूर्वी कचेरीत कुणाचा फोन वाजला की ते माणूस कुठे उभं आहे हे तिला समजायचं. जिन्यात साहेब, खिडकीशी शिपाई, चहाच्या टपरीजवळ मंजुषा. मग सगळ्यांनी फोन मुके केले. "लोकं हायेत तिथंच हायेत," ती मंजुषाला म्हणाली, "पण माझ्यासाठी सगळे एकदम निघून गेल्यासारखे झाले बघ."

म्हणून तिने जुन्या फोनच्या धुना गोळा करायला सुरुवात केली. मंजुषा तिला स्कूटीवर मागे बसवून घरोघर नेई. कुणी माळ्यावरून फोन काढून देई, कुणी हसे. "ह्याचं काय लोणचं घालायचं?" असं एकाने विचारलं तेव्हा बुद्धप्रिया म्हणाली, "तुमच्या घरात फोटोचा अल्बम हाय का? हाय ना? मग माझा हा अल्बम." तिच्याकडे आवाज भरायचं एक छोटं यंत्र होतं. धून भरण्याआधी ती स्वतःच्या आवाजात सांगे, हा फोन कुणाचा, गाव कोणतं, ह्या धुनेवर कोण बोलायचं. नायगावच्या हणमंतराव कंडक्टरचा फोन कोंबड्यासारखा आरवायचा आणि सगळी बस हसायची. देगलूरच्या गौरम्मा बांगड्या भरायच्या. त्यांच्या फोनची किणकिण ऐकून गिऱ्हाइकाला वाटायचं, बांगडी फुटली. "नुसती धून ठेवली तर ती पोरकी होती," बुद्धप्रिया म्हणायची. "तिच्यासंग तिचं माणूस पायजे."

असे कितीतरी आवाज तिने जमवले. मंजुषाने एकदाच विचारलं, "आणि तुझ्या आबांचा?"

"तो पाण्यात गेला," ती म्हणाली.

आणि मी तर इथे डब्यात होतो!

एका सकाळी गल्लीत भोंगा वाजू लागला. "बंद मोबाईल, फुटका मोबाईल, जुना मोबाईल द्या! टब घ्या, बादली घ्या!" रेणुका त्या दिवशी डबे घासायला काढत होती. तिने मला उचललं, झटकलं आणि दारात नेलं. फेरीवाल्याने मला उलटंपालटं करून पाहिलं.

"ह्याला एक मग्गा येईल, ताई."

"मग्ग्याला देतंय व्हय कुणी? टब द्या."

घासाघीस चालली. शेवटी टब ठरला. मी फेरीवाल्याच्या पोत्यात पडलो. आत माझ्यासारखे पुष्कळ होते, सगळे गार. एवढ्यात आतून भामाबाईचा आवाज आला. "काय दिलंस गं, रेणुका?"

"काय न्हाई मामी. तो डब्यातला बंद फोन."

सासूला ती मामी म्हणायची. मामींची पावलं कधी नव्हे इतक्या वेगाने आली. "अगं, थांबीव त्याला! त्याच्यात ह्यांची शीळ हाय!"

रेणुकाला काहीच ठाऊक नव्हतं. केरबाला तिने पाहिलंही नव्हतं. पण तिने पुढचा प्रश्न विचारला नाही. टब घेऊन ती गल्लीतून पळत सुटली. फेरीवाला कुरकुरला. "सौदा झाला ना, ताई. आता पोत्यात कुठं हुडकू?"

"तुमी नका हुडकू. मी हुडकते. त्याच्यात आमच्या सासऱ्याची शीळ हाय." तिने पोतं तिथेच रस्त्यावर ओतलं, आणि त्या ढिगात मला शोधून काढलं. फेरीवालाही खाली बसून तिला मदत करू लागला. जाताना म्हणाला, "आमच्या आईचा बी आवाज असाच कुठंतरी गेला, ताई. जपा."

घरी येऊन रेणुकाने नांदेडला फोन लावला. "ताई, तुमचा फोन हाय. सापडला. मामीनं जपून ठेवला व्हता."

"पण तो तर बंद पडला ना?"

"बंद हाय. पण हाय तर!"

रविवारी रेणुका आणि भामाबाई मला घेऊन एसटीने नांदेडला निघाल्या. वाटभर भामाबाईने मला दोन्ही हातांत धरलं होतं. स्टँडवर बुद्धप्रिया आणि मंजुषा आल्या होत्या. "जयभीम माय," म्हणत बुद्धप्रियेने आधी आईचे हात धरले, आणि त्या हातांत तिला मी सापडलो. तिचं बोट माझ्या कडेवरून फिरलं. इतक्या वर्षांनी, मित्रांनो, मला कुणीतरी पुन्हा नीट पाहिलं.

नांदेडच्याच वजिराबाद भागात वीरभद्र नावाचा एक दुरुस्तीवाला होता. मूळचा उदगीरकडचा. बोलता बोलता मध्येच कानडी शब्द यायचे आणि मग तोच हसायचा. त्याने मला उघडलं आणि तो चुकचुकला.

"बॅटरी फुगून फुटायला आलीय. सर्किटच्या पाटीवर गंज हाय. पडदा तर कामातून गेला. बघा ताई, दोन रस्ते हायेत. आत नवीन सॉफ्टवेअर टाकलं तर फोन चालू व्हायची आशा हाय. पण मग आतलं जुनं सगळं पुसलं जाईल."

"धून बी?" रेणुकाने विचारलं.

"सगळं."

"आणि दुसरा रस्ता?" बुद्धप्रिया म्हणाली.

"नुसता गंज काढायचा आन बाहेरून तार लावून वीज द्यायची. चालू झाला तर झाला. एखाद्या मिनटात पाटी जळाली तर मग मात्र कायमचा गेला. नीट विचार करा."

भामाबाई पुटपुटली, "माझ्याच हातानं बुडाला." बुद्धप्रियेने तिचा खांदा शोधून त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मला फोन नको हाय, भाऊ. मला तेवढी शीळ पायजे. दुसरा रस्ता करा."

वीरभद्रने ब्रशने माझा गंज काढला. कसलंसं थंडगार औषध माझ्या अंगावरून फिरलं. सिमशिवाय मी कुणाला आत शिरू देत नाही, म्हणून मंजुषाने आपलं सिम काढून दिलं. हल्लीचं सिम एवढंसं, माझ्या खाचेत ते सैल बसायचं, म्हणून वीरभद्रने त्याला प्लास्टिकची चौकट लावली. मग त्याने तारा टेकवल्या. माझ्या अंगातून एक कळ गेली. मी थरथरलो.

"चालू! चालू झाला!" रेणुका ओरडली.

"झाला, पण पडदा अंधार हाय," वीरभद्र म्हणाला. "आत कुठं हाय, काय दाबायचं, मला काहीच दिसंना."

"मला तरी कवा दिसत व्हतं?" बुद्धप्रिया म्हणाली. "द्या इकडं."

तिने मला घेतलं. वीरभद्रने तारा धरून ठेवल्या. तिचा अंगठा माझ्या कळांवर आला, आणि मला पायरीवरच्या त्या दुपारी आठवल्या. ती एकेक कळ दाबू लागली. खालची कळ गंजाने अडत होती; तिने ती दोनदा जोर लावून दाबली. एकदा वाट चुकली आणि आनंदराजची धून वाजली. "हा दादा," ती पुटपुटली. "आबा ह्याच्या खाली." माझी पाटी तापत चालली होती. वीरभद्र म्हणाला, "ताई, बिगी बिगी." मंजुषाने आवाज भरायचं यंत्र माझ्याजवळ धरलं. मी जीव एकवटला. मला वाटत होतं, आणखी थोडं, फक्त आणखी थोडं.

आणि मी वाजलो. दोन आखूड सूर, एक लांब, पुन्हा दोन आखूड, आणि शेवटी वर चढत गेलेला तो मोठा सूर. पुरता वाजलो. मग आत कुठेतरी चट् झालं आणि मी बंद पडलो.

भामाबाई पदराने नाक पुसत होती. मंजुषाने यंत्र तपासलं आणि म्हणाली, "आलंय. सगळं आलंय."

बुद्धप्रियेने ते पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. मग म्हणाली, "दादानं शेवट चुकवला."

"काय चुकवला?" मंजुषाने विचारलं.

"शेवटचा सूर एवढा पुरा नसायचा. दारात येईस्तोवर तो मधीच तुटायचा. वर चढता चढता नुसता वारा व्हायचा. मला वाटायचं, दिसभर किल्ली फिरवून आबाला दम लागत असंल. लहान व्हते तवा मी म्हनायची सुदा, आबा, बसा, पानी प्या. दादानं गल्लीतनं ऐकून बांधली. त्यानं पुरी करून टाकली."

माझ्या मनात आलं, चूक माझीच असेल. तुटलेला सूर धरायला माझ्याकडे कळच नव्हती.

मग भामाबाईचा आवाज आला. तो मी इतकी वर्षं ऐकला होता, पण असा कधी ऐकला नव्हता.

"दम न्हाई गं लागायचा त्येला, बाय. गावात तर पुरीच वाजवायचा. घराकडं वळला की तू दारात उभी दिसायचीस. तू दिसलीस की हसायचा. हसताना शीळ वाजत नसती, बाय. व्हट पसरले की सूर सुटतो."

बुद्धप्रियेचा हात माझ्यावर होता. तो घट्ट झाला.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज. मी चुलीपुढनं बघायची. एक दिस चुकला न्हाई. तुला कुणी सांगितलं न्हाई, कारन आमाला वाटायचं तुला ठावं हाय."

मग ती रडली, मित्रांनो. मोठ्याने, लहान मुलीसारखी, आणि रडता रडता हसली. भामाबाईने तिचं बोट धरून आपल्या स्वतःच्या ओठांवर ठेवलं आणि शीळ घालतात तसे ओठ केले. नुसता वारा आला. मग तिने ओठ पसरले. "हे असं," ती म्हणाली. "बघितलंस? असा दिसायचा तुझा बाप."

थोड्या वेळाने मंजुषा म्हणाली, "प्रिया, संगणकावर शेवटचा सूर मधेच तोडता येईल. तुला आठवतो तसा."

"नको," बुद्धप्रिया म्हणाली. "ही असू दे. गावाला पुरीच ऐकू यायची. पुरी गावाची. अर्धी माझी."

त्या संध्याकाळी तिने आपल्या अल्बममध्ये ती धून ठेवली. आधी तिचा आवाज: हा फोन बुद्धप्रियेचा, धून आनंदराजने बांधली, शीळ केरबाची. मग शीळ. आणि शेवटी भामाबाईचा आवाज, कारण तो तिने मुद्दाम भरून घेतला. आता ज्याला केरबाची शीळ ऐकायची असेल, त्याला भामाबाईलाही ऐकावं लागतं.

वीरभद्रने माझी बॅटरी काढून घेतली आणि मला पुन्हा मिटवून दिलं. मी आता कधीच वाजणार नाही. बुद्धप्रियेच्या खोलीत, तिच्या यंत्राशेजारी मी असतो. कुणी आलं की ती मला त्याच्या हातावर ठेवते. मला आता घमेंडही नाही आणि भीतीही नाही. जे मी एकट्याने सांभाळलं होतं, ते आता पुष्कळांकडे आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या डब्यात, एखाद्या खणात माझा कुणी भाऊबंद पडला असेल. त्याला टब-बादलीवर देऊन टाकण्याआधी एकदा विचारा, तुझ्यात कोण आहे? त्याचा आवाज जपून ठेवा. पण तेवढ्यावर थांबू नका. आमच्यासारखी यंत्रं सूर धरतात, त्या सुरामागचं माणूस आम्हाला दिसत नाही. ते ज्याने पाहिलं, ते तुमच्याच घरात चुलीपुढे बसलेलं असतं, आणि त्याला वाटत असतं की तुम्हाला सगळं ठाऊक आहे. ते गप्प असलं तरी अजून आहे, तोवरच त्याच्याजवळ जाऊन बसा. विचारा.